जागा वाढवण्याआधीचा हिशोब: सोलापूर विद्यापीठापुरता

बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत मागणी येते: जागा वाढवा. ऑगस्टपर्यंत तिचं 'दहा टक्के जादा जागा' असं निवेदन होतं आणि मार्चमध्ये, अर्थसंकल्पाच्या अधिसभेत (विद्यापीठाच्या सिनेटमध्ये), त्याच जागांच्या शुल्काची बेरीज जमेच्या बाजूला मांडलेली दिसते. वाढीव पोरं बसणार कुठं, त्यांना शिकवणार कोण, पेपर तपासणार कोण, हे मधल्या काळात कुणी विचारत नाही. तो हिशोब अधिसभा सदस्याला, विभागप्रमुखाला, प्राचार्याला, निवेदन घेऊन जाणाऱ्या विद्यार्थी संघटनेलाही करता येतो. गणित चौथीचं आहे, आकडे मिळवणं तेवढं चिवट काम.

वाढ नेमकी कुठे?

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालं. ११ तालुक्यांचा एकच जिल्हा असलेलं हे विद्यापीठ. 'विद्यापीठाची विद्यार्थीसंख्या वाढवा' या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक, केगावच्या आवारातल्या विभागांत जागा वाढवणं. दुसरी, संलग्न महाविद्यालयांना जादा तुकड्या देणं. पहिलीत प्रयोगशाळा, शिक्षक, वसतिगृह हा सगळा भार विद्यापीठावर येतो. दुसरीत तो महाविद्यालयावर, पण परीक्षा आणि निकालाचं ओझं पुन्हा केगावलाच. प्रस्ताव हातात आला की आधी वर पेन्सिलीनं लिहा: आवार की संलग्न.

मग तीन रकाने आखा: मंजूर प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, आणि शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेले. तीन वर्षांचे आकडे घ्या, अभ्यासक्रमनिहाय. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणासाठी संस्थांना दरवर्षी माहिती भरावी लागते, त्यामुळे 'आकडे नाहीत' हे उत्तर ऐकून घेऊ नका. कुणी टाळलंच तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

समजा १२० जागांच्या तुकडीत ९६ प्रवेश झाले आणि तीन वर्षांनी त्यातली ५८ मुलं शेवटच्या परीक्षेला बसली. इथं जादा तुकडी मागणं म्हणजे गळक्या घागरीला मोठं तोंड करणं. ती ३८ मुलं कुठं गेली हे आधी शोधा: यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात, लग्न होऊन सासरी, की पुण्याला. हजेरीपटावर विसंबू नका. गणपती उरकल्यावर एखाद्या साध्या बुधवारी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जा आणि डोकी मोजा. उलट १२० पैकी १२० भरले, प्रतीक्षा यादीत ८० नावं आहेत आणि शेवटच्या वर्षाला १०५ मुलं बसतात, तर मागणी खरी आहे. पुढचा हिशोब अशाच अभ्यासक्रमांसाठी करायचा.

प्रयोगशाळेवर अडतं ते आधी बघा

विज्ञानाच्या पदव्युत्तर विभागाचं उदाहरण घेऊ. ३० जागा आहेत, मागणी ६० करण्याची. व्याख्यानाला ३० ऐवजी ६० बसले तरी तास तेवढेच. प्रात्यक्षिकाचं तसं नाही. १५ जणांची बॅच धरा आणि प्रत्येक बॅचला आठवड्याला ८ तास प्रात्यक्षिक. आज एका वर्षाच्या दोन बॅचेस, दोन वर्षं मिळून चार. ४ गुणिले ८ म्हणजे ३२ तास. जागा ६० केल्या की ६४ तास.

आता प्रयोगशाळेचं वेळापत्रक बघा. चार तासांच्या पाळ्या दिवसाला दोनच बसतात, त्याही सकाळी आठला सुरुवात केली तर. सहा दिवसांच्या १२ पाळ्या, म्हणजे ४८ तास. ६४ तास ४८ मध्ये मावत नाहीत. मावतात त्या वर्षाला तीन बॅचेस, म्हणजे ४५ जागा. म्हणून एका प्रयोगशाळेवर या विभागाचं उत्तर ६० नाही, ४५ आहे. आणि तेही यंत्र दुरुस्तीला एकही दिवस राखून न ठेवता. ६० हव्याच असतील तर दुसरी प्रयोगशाळा आधी.

सकाळी आठची पाळी कागदावर छान दिसते, पण बार्शी किंवा पंढरपूरहून रोज ये-जा करणाऱ्याला ती गाठता येत नाही. तिथं वसतिगृहातलीच मुलं बसवावी लागतात. म्हणजे प्रयोगशाळेचा प्रश्न फिरून वसतिगृहाशी येतो.

शिक्षकांचंही असंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाचा १४. वरच्या उदाहरणात ३० च्या ४५ जागा केल्या तर प्रात्यक्षिकाचे १६ तास वाढतात, म्हणजे नेमका एक सहायक प्राध्यापक. तो मंजूर पदावर येणार की तासिका तत्त्वावर, हे प्रस्तावातच लिहून घ्या. 'शिक्षक उपलब्ध करून घेतले जातील' हे वाक्य दिसलं की बिंदूनामावली (मंजूर पदांची आरक्षणनिहाय नोंदवही) मागवा. पद रिक्त आहे, भरतीची जाहिरात निघालेली नाही आणि जागा मात्र जूनपासून वाढवायच्या आहेत, असं असेल तर आडातच नाही. पोहऱ्यात कुठून येणार?

पीएच.डी.साठी जागा वाढवण्याची भाषा असेल तर गणित आणखी सोपं. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगीकडे ६, सहायकाकडे ४ संशोधक. मार्गदर्शक मोजा, आधी नोंदलेले वजा करा, उरलेल्या तेवढ्याच जागा. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे मापदंड त्यांच्या परिषदांनी ठरवलेले आहेत: अभियांत्रिकी पदवीला २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, बी.एड.चं एकक ५० चं, विधीची तुकडी ६० ची. तिथं विद्यापीठाच्या मर्जीला फारसा वाव नाही.

परीक्षेचा गठ्ठा

संलग्न महाविद्यालयांत एकूण १,००० विद्यार्थी वाढले असं धरा. सत्राला सहा लेखी पेपर म्हणजे ६,००० उत्तरपत्रिका. एक परीक्षक दिवसाला ४० नीट तपासतो (काही जण ६०सुद्धा तपासतात, पण त्याचं फळ पुनर्मूल्यांकनाच्या अर्जांत दिसतं). म्हणजे १५० परीक्षकदिवस. तपासणी दहा दिवसांत संपवायची तर १५ जादा परीक्षक. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करायचा, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत. निकाल रखडला की पुढच्या प्रवेशाची तारीख हुकते आणि शिष्यवृत्तीचं नूतनीकरण लटकतं. म्हणून आधीच्या चार सत्रांत निकाल किती दिवसांत लागले ते विषयवार पाहा. जिथं आजच ४५ ओलांडतात, त्या विषयात परीक्षक वाढल्याशिवाय एकही तुकडी देऊ नये.

पाणी, खोली, एसटी

ही गोष्ट प्रस्तावात शेवटच्या पानावर असते. सोलापुरात ती पहिल्या पानावर हवी. वसतिगृहात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, दिवसभर येऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला ४५ लिटर. १०० मुलींच्या वसतिगृहाला रोजचं १३,५०० लिटर. पाण्याला पाच दिवसांचा खंड पडला तर साठवण ६७,५०० लिटरची लागते, नाहीतर १०,००० लिटरचे सात टँकर. टाकीची क्षमता कंत्राटदाराच्या फलकावरून घेऊ नका. टेप लावून लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये मोजा, गुणाकाराला १,००० ने गुणा, लिटर मिळतील. मुलं बाळे, केगाव किंवा जुन्या पुणे नाक्याकडे भाड्याच्या खोलीत राहणार असतील तर हाच प्रश्न घरमालकाकडे सरकतो, संपत नाही.

करमाळा, सांगोला, मंगळवेढा या बाजूच्या मुलींसाठी तर जागा आणि खाट एकच. खाट नसेल तर प्रवेश घेतलेली मुलगी दिवाळीनंतर परतत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: मुलींचं वसतिगृह आधी, जागा नंतर.

रोज ये-जा करणाऱ्यांसाठी एसटीच्या पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, पण पास असून गाडी नसेल तर उपयोग काय? शेवटचा तास सुटण्याची वेळ आणि त्या मार्गावरच्या शेवटच्या गाडीची वेळ शेजारीशेजारी लिहा. आषाढीला आगारांच्या गाड्या पंढरपूरकडे वळतात, नेमकं त्याच सुमारास वर्ग सुरू होतात. त्या आठवड्यातली गैरहजेरी मुलांच्या माथी मारू नका.

न वाढवताही वाढणारी संख्या

हे बहुतेक प्रस्तावांत सुटतं. नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तिच्यात तीन वर्षांनंतर ऑनर्ससाठी ऐच्छिक चौथं वर्ष आहे. त्या तुकडीचं चौथं वर्ष २०२७-२८ मध्ये. म्हणजे एकही जागा न वाढवता, चौथ्या वर्षाला थांबणाऱ्यांएवढी संख्या आपोआप चढते. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि मार्गदर्शकही लागतात. आज पहिल्या वर्षाला दिलेली जादा तुकडी चार वर्षांनी चार वर्ग मागणार, हे धरूनच खोल्या मोजा.

दुसरं, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. चार श्रेयांकांचे (क्रेडिटचे) १२० तास. १,००० विद्यार्थी म्हणजे १,२०,००० तास काम देणारं कुणीतरी हवं. अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या औद्योगिक वसाहती, सहकारी बँका, साखर कारखाने, दवाखाने, सनदी लेखापालांची कार्यालयं यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे 'एका वेळी किती' हा आकडा फोन करून लिहा. छोटा टॉवेल कारखाना चार-पाच जणांपलीकडे घेत नाही. यादी अपुरी पडली की शिक्का मारून मिळणारी प्रमाणपत्रं सुरू होतात.

पैशाची बाजू थोडक्यात: शुल्काची आकारणी धरू नका, वसुली धरा. शिष्यवृत्तीची प्रतिपूर्ती महाडीबीटीवरून (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून) उशिरा येते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्कही माफ आहे. प्राध्यापकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो.

ठराव लिहिताना

नवीन महाविद्यालय, अभ्यासक्रम किंवा तुकडी हवी तर पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यात ते ठिकाण असावं लागतं. सध्याचा आराखडा २०२४-२५ ते २०२८-२९ चा. इरादापत्राचा (सरकारच्या तत्त्वतः होकाराचा) प्रस्ताव आधीच्या वर्षी सप्टेंबरअखेर विद्यापीठाकडे जावा लागतो. म्हणजे वरची सगळी मोजणी फेब्रुवारी ते ऑगस्टमध्ये उरकायची. जूनच्या गर्दीत ती होत नाही.

ठरावात एकूण टक्केवारी लिहू नका. अभ्यासक्रमाचं नाव, आजची क्षमता, नवी क्षमता आणि ती कशावर अडते (प्रयोगशाळा, शिक्षक, खाटा, परीक्षक), असं ओळीओळीनं लिहा. जो आकडा सगळ्यांत लहान येईल तीच नवी क्षमता. खाली परतीची अट घाला: सलग दोन वर्षं प्रवेश ६० टक्क्यांखाली राहिले, किंवा मंजूर पद दुसऱ्या जूनपर्यंत भरलं गेलं नाही, तर वाढीव जागा पुढच्या प्रवेशापासून बंद. आधी प्रवेश घेतलेल्यांची पदवी पूर्ण होईपर्यंतचे वर्ग आणि परीक्षा चालू राहतील, हे वाक्यही त्याच ओळीत लिहा. ते राहून गेलं तर तुकडी बंद करताना शेवटच्या वर्षाची मुलं अधांतरी लटकतात.