रेसच्या दिवसाचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

पुण्याचा घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम जुलैत सुरू झाला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे निरोप येतात. दुपारी, "काका, आजचा एक पक्का घोडा सांगा ना." आणि संध्याकाळी, "काका, जॉकीनं घोडा ओढला हो, मुद्दाम मागं ठेवला." पक्का घोडा मागणाऱ्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. ज्यांना कार्ड (रेस आणि घोड्यांची छापील माहिती) आणि पेन्सिल घेऊन दिवसभराच्या सगळ्या रेसचा अंदाज स्वतः बांधायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कारण तीही मंडळी दर हंगामात त्याच खड्ड्यांत पडतात.

मागचे क्रमांक बघून घोडा उचलणं

ही सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत महागडी चूक. घोड्याच्या नावाशेजारी मागच्या रेसमधले क्रमांक छापलेले असतात. १-२-१ दिसलं की डोळे चमकतात, ७-५-६ दिसलं की नजर खाली सरकते. अरे पण पहिला आला तो कुठल्या क्लासात, किती अंतरावर, किती वजन घेऊन आणि कुणाला हरवून? हे विचारल्याशिवाय त्या एकच्या आकड्याला काडीची किंमत नाही.

मुंबई-पुण्याच्या हँडिकॅप रेसची रचना आधी डोक्यात बसवा. रेटिंग म्हणजे हँडिकॅपर हा अधिकारी घोड्याच्या कुवतीला देतो तो आकडा; रेटिंग जास्त तर पाठीवर वजन जास्त. पाचव्या क्लासात सगळ्यांत खालच्या रेटिंगचे घोडे, चौथ्यात २० ते ४६, तिसऱ्यात ४० ते ६६, दुसऱ्यात ६० ते ८६ आणि पहिल्यात ८० च्या पुढचे. रेटिंगच्या एका अंकाला अर्धा किलो वजन. म्हणजे ४६ रेटिंगचा घोडा ६१ किलो घेऊन पळत असेल, तर त्याच रेसमधला ३० चा घोडा ५३ किलो घेऊन पळतो. सगळ्यांनी एकाच वेळी पोस्ट गाठावी, हा हँडिकॅपरचा प्रयत्न असतो. त्यामुळं "यातला चांगला घोडा कोणता?" हा प्रश्नच चुकीचा. आज आपल्या रेटिंगपेक्षा सरस कोण पळेल, एवढंच शोधायचं.

आमच्या कट्ट्यावर एक आयटीवाला पोरगा यायला लागला होता. हुशार, पण घाईचा. त्यानं लॅपटॉपवर तक्ता केला होता, मागच्या तीन रेसमधल्या क्रमांकांना गुण देऊन बेरीज मारायची. ऑगस्टमधला रविवार, चौथ्या क्लासाची १४०० मीटरची रेस. तक्त्यात पहिली आली एक फिली, म्हणजे तरुण घोडी. आदल्या रेसला सहा लेंग्थनं, म्हणजे घोड्याच्या सहा लांबींनी जिंकलेली, वजन ५३ किलो. तळाला आला तो टॉपवेट, म्हणजे रेसमधला सगळ्यांत जास्त वजनाचा घोडा, सलग तीनदा मागं राहिलेला, पाठीवर ६१ किलो. "काका, हा तर संपलाय," असं म्हणून त्यानं त्याच्यावर काट मारली.

मी म्हटलं, जरा कार्ड वाच. फिली जिंकली होती पाचव्या क्लासात, १२०० मीटरवर, सुरुवातीपासून एकटीच पुढं. तिला कुणी डिवचलंच नव्हतं. त्या विजयाबद्दल हँडिकॅपरनं तिचं रेटिंग २२ वरून ३० वर नेलं होतं, म्हणजे चार किलोचा बोजा चढला होता. आता क्लास वरचा, अंतर जास्त आणि सोबतीला तिच्यासारखेच पुढं पळणारे आणखी दोघं. उलट तो टॉपवेट तिसऱ्या क्लासातून खाली आलेला. मागच्या तीन रेस १८०० आणि २००० मीटरच्या, जे त्याचं अंतरच नव्हे. त्याची शेवटची जीत १४०० वरची, ती ५२ रेटिंगवर, आणि आज तो ४६ वर उभा. वजन जड दिसतं ते समोरचे हलके आहेत म्हणून.

पोरगा हसला. म्हणाला, "एकसष्ट किलो घेऊन कोण पळतं?" फिलीचा भाव एकास सव्वा (रुपयाला सव्वा रुपया नफा), टॉपवेटचा एकास पाच. वळणावर फिली पुढं होती, पोरगा खुर्चीवर उभा. शेवटचे दोनशे मीटर राहिले आणि पुढं पळणारे तिघंही एकमेकांना दमवून बसले. टॉपवेट बाहेरच्या बाजूनं आला आणि आरामात निघून गेला. फिली सहावी. त्या पोराचं पहिलं वाक्य काय असावं? "घोडी ओढली!"

यावर माझी सवय साधी आहे. कार्डावरच्या क्रमांकांच्या रकान्यावर मी जुनं तिकीट आडवं ठेवतो आणि आधी बाकीचं वाचतो. क्लास, अंतर, वजन, शेवटचा जिंकला तेव्हाचं रेटिंग आणि आजचं रेटिंग. सगळ्यांत शेवटी तिकीट बाजूला करतो. क्रमांक आधी दिसला की मन तिथंच अडकतं, मग बाकीचं आपण वाचत नाही, नुसतं समर्थन शोधतो.

शुक्रवारचा अंदाज रविवारी तसाच नेणं

कार्ड हातात आल्या आल्या अंदाज बांधून मोकळं होणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही. पुण्यात पावसाळ्यात रेस असतात, हे लहान पोरालाही माहीत आहे. तरी एप्रिलमध्ये मुंबईत महालक्ष्मीच्या कडक ट्रॅकवर जिंकलेला घोडा लोक पुण्याच्या भिजलेल्या गवतावर डोळे मिटून निवडतात. शनिवारी रात्री पाऊस झोडपून काढतो आणि हे शुक्रवारीच लिहिलेल्या चिठ्ठीला चिकटून बसतात.

रेसच्या दिवशी सकाळी पेनेट्रोमीटरचा आकडा बघायला शिका. ठरावीक उंचीवरून सोडलेली सळई जमिनीत किती घुसते, त्याचं ते माप. आकडा मोठा तर जमीन मऊ. मग प्रत्येक घोड्याच्या जुन्या धावा काढून बघायच्या, अशा आकड्याला तो कसा पळाला होता. काही घोडे चिखलात उमलतात, काहींना पायाखाली सरकलेलं आवडत नाही, ते मधेच पळायचं सोडून देतात. सोबत फॉल्स रेल, म्हणजे आतली पट्टी वाचवायला लावलेलं तात्पुरतं कुंपण, किती मीटर बाहेर लावलीय तेही बघा. आतली पट्टी तुडवली गेली असेल तर शेवटच्या सरळीत जॉकी घोडे बाहेर काढतात, आणि पहिल्या दोन रेसमध्ये ते दिसतंच. म्हणून ओल्या दिवशी पहिल्या दोन रेस मी फक्त बघतो. हे सांगितलं की नवीन माणूस असा चेहरा करतो, जणू मी त्याला उपास करायला सांगितलाय.

माघार घेतलेले घोडेसुद्धा तितकेच महत्त्वाचे. पुढं पळणारा एक घोडा रद्द झाला तर उरलेला दुसरा एकटा पुढं मोकळा सुटतो आणि रेसचा नकाशाच बदलतो. जॉकी बदलला, वजन सवलतीचा अप्रेंटिस (शिकाऊ जॉकी) आला, पहिल्यांदा ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूची झापडं) लागले, तर तेवढ्या रेसचा अंदाज खोडून परत बांधायचा. ठिगळ लावायचं नाही.

सकाळच्या वेळांना भुलणं

ट्रॅकवर्कच्या, म्हणजे सकाळच्या सरावाच्या बातमीत छापून येतं, ६०० मीटर ३७ सेकंद. लगेच "काय उडतोय!" पण काम आतल्या वाळूवर झालं की बाहेरच्या, पाठीवर जॉकी होता की रायडिंग बॉय, दाबून पळवला की सहज आला? ४० मध्ये सहज आलेला घोडा मला ३७ मध्ये चाबूक खाल्लेल्यापेक्षा जास्त आवडतो. काही घोडे तर सकाळचेच राजे असतात. दुपारी गर्दी दिसली की त्यांचा घाम फुटतो, तो पॅडॉकमध्येच, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथंच दिसतो.

जॉकीच्या नावावर जाणं. आठ इंडियन डर्बी जिंकलेले पेसी श्रॉफसुद्धा खराब घोड्याला चांगला करू शकत नव्हते. एकाच ट्रेनरचे दोन घोडे असतील तर मुख्य जॉकी कुणावर बसलाय, तेवढं मात्र जरूर बघा.

गिनीजचा विजेता डर्बीला डोळे मिटून घेणं. इंडियन टू थाउजंड गिनीज १६०० मीटरची, डिसेंबरातली. इंडियन डर्बी २४०० ची, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारची. मधे १ जानेवारी येतो, त्या दिवशी सगळ्या घोड्यांचं वय एका वर्षानं वाढतं आणि तीन वर्षांचा घोडा कागदावर चार वर्षांचा होतो, पण त्यानं दम वाढत नाही. शेवटच्या चारशे मीटरसाठी रक्त लागतं, म्हणून बापाचं आणि आईच्या घराण्याचं पान उघडा.

नाव, नंबर, रंग, स्वप्न. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली डॉ. लक्ष्मणन यांच्या खटल्यात घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ ठरवला. हे सांगून बायकोशी वाद घालणारे लोक मुलीच्या वाढदिवसाच्या तारखेचा घोडा लावताना मी पाहिलेत.

प्रत्येक रेसमध्ये मत असलंच पाहिजे, असं समजणं

यावर माझं भांडण होतं, कारण अंदाज लिहिणाऱ्यानं सगळ्या रेसचे घोडे द्यायचे असतात, अशी पद्धतच आहे. लिहायचे तर लिहा, पण शेजारी खूण करा. माझ्या कार्डावर तीन खुणा असतात: खात्री, शक्यता आणि "सोड". आधी कधीच न पळालेल्या घोड्यांची रेस "सोड". पाचव्या क्लासातली बारा-चौदा घोड्यांची रेस बहुतेक वेळा "सोड". आठ रेसमध्ये दोन खात्रीच्या निघाल्या तरी दिवस चांगला.

याला पैशाचंही कारण आहे. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. टोट (रेसकोर्सवरची बेटिंगची यंत्रणा) आपलं कमिशन कापतो ते वेगळंच. एवढं ओझं घेऊन दर रेसला पाकीट उघडणारा माणूस ६१ किलोच्या टॉपवेटपेक्षा वाईट अवस्थेत असतो. जगभरात फेव्हरिट, म्हणजे सगळ्यांत कमी भावाचा घोडा साधारण तिनातून एकदा जिंकतो. म्हणजे फेव्हरिट चुकीचा नसतो, त्याचा भाव चुकीचा असतो. तुमच्या हिशोबानं घोड्याची संधी चारात एक असेल आणि भाव एकास दीड मिळत असेल, तर घोडा जिंकला तरी तुमचा निर्णय चुकलेला होता. म्हणून मी आधी स्वतःचा भाव पेन्सिलनं लिहितो आणि मगच रिंगमधल्या बुकींच्या पाटीकडं बघतो. उलट क्रमानं केलं तर पाटीवरचाच भाव आपल्याला खरा वाटू लागतो.

पाच रेसचे विजेते ओळखायच्या जॅकपॉटमध्येही तेच. पाचही रेसमध्ये दोन-दोन घोडे घेतले की बत्तीस कॉम्बिनेशन होतात. दोन रेसमध्ये एकच बँकर (खात्रीचा घोडा), एका रेसमध्ये दोन आणि अवघड दोन रेसमध्ये चार-चार घेतले तरी बत्तीसच. पैसे तेवढेच, पण जाळं तिथं पसरलेलं जिथं मासा निसटतो. सगळीकडं दोन-दोन टाकणाऱ्यानं कार्ड वाचलेलंच नसतं.

राहिल्या टिपा. रिंगजवळ कानाशी येऊन "स्टेबलची खबर आहे" म्हणणारा माणूस त्याच रेसमध्ये आणखी तिघांना तीन वेगळे घोडे सांगून आलेला असतो. त्याला चहा पाजा आणि पॅडॉककडं जा. घोडे फिरताना बघायला पाच मिनिटं पुरतात: चाल मोकळी आहे का, कातडीला चमक आहे का, मांड्यांमध्ये फेस आलाय का. मागच्या वेळेपेक्षा घोड्याच्या अंगाचं छापील वजन वीस किलोंनी वाढलेलं असेल, तर पोटाकडं नीट बघा आणि मग खिडकीवर जायचं की नाही ते ठरवा.