जेएफ, एसयू, सीएन: वाहतुकीच्या थेट डेटातली आद्याक्षरं कशी वाचावीत

नकाशे पुरवणाऱ्या हिअर कंपनीच्या ट्रॅफिक एपीआयची, म्हणजे प्रोग्रामला वाहतुकीचा डेटा पुरवणाऱ्या सोयीची, सहावी आवृत्ती जुन्या कोडमध्ये किंवा साठवलेल्या फाइलींमध्ये हाती आली, की समोर दोन-तीन अक्षरी खुणांची रांग उभी राहते. नावं आखूड ठेवली की फाइल हलकी राहते, पण वाचणाऱ्याला अर्थ लावत बसावं लागतं. बहुतेक जण आधी वेगाचा आकडा शोधतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की सुरुवात सीएनपासून, म्हणजे वेगाच्या आकड्याची खात्री किती ते सांगणाऱ्या आकड्यापासून, करा.

त्याआधी रचना पाहून घ्या. आरडब्ल्यू म्हणजे रस्ता, एफआय म्हणजे त्या रस्त्याच्या एका तुकड्याची नोंद. या नोंदीत दोन भाग असतात: तुकडा कुठला हे टीएमसी सांगतो आणि तिथे आत्ता काय चाललंय ते सीएफ. टीएमसी म्हणजे ट्रॅफिक मेसेज चॅनल, एफएम रेडिओवरून वाहतुकीचे संदेश पाठवण्याची पद्धत. तिच्यातले ठिकाणांचे सांकेतिक क्रमांक इथे पीसी या नावाने येतात. डीई म्हणजे ठिकाणाचं वर्णन, एलई म्हणजे लांबी.

क्यूडीकडे मात्र नीट लक्ष द्या. त्यात अधिक किंवा उणे एवढंच चिन्ह असतं आणि ते रांग वाढण्याची दिशा दाखवतं. गाड्या पुढे जातात, रांग मागे वाढते. म्हणून हे चिन्ह प्रवासाच्या दिशेच्या उलट असतं. हे लक्षात घेतलं नाही, तर नकाशावर कोंडी समोरच्या मार्गिकेवर रंगवली जाते.

आता सीएफ उघडा आणि सीएन, म्हणजे खात्रीचा आकडा, वाचा. तो ०.७ च्या वर असेल तर वेग खरोखर आत्ताचा आहे. ०.५ ते ०.७ असेल तर तो पूर्वीच्या नोंदींवरून काढलेला आहे, आणि त्याहून कमी असेल तर वेगमर्यादेवरूनच भरलेला. रस्ता तुंबलेला असतानाही अशा नोंदीत तो मोकळा दिसू शकतो. म्हणून ०.७ च्या खालच्या नोंदी मी ‘थेट’ म्हणून कधीच दाखवत नाही.

वेग तीन असतात. एसयू हा मोजलेला वेग आहे तसा देतो. एसपी तोच वेग, पण वेगमर्यादेच्या वर जाऊ न देता. एफएफ म्हणजे रस्ता मोकळा असतानाचा वेग. रस्त्यावर खरंच काय चाललंय ते हवं असेल तर एसयू घ्या. गाडी कधी पोहोचेल याचा अंदाज लोकांना सांगायचा असेल तर एसपी बरा, कारण मर्यादा मोडून पोहोचण्याची वेळ कुणाला सांगू नये.

जेएफ म्हणजे कोंडीचा निर्देशांक, ० ते १०. चारच्या खाली मोकळा, ४ ते ८ संथ, ८ च्या वर तुंबलेला. १० म्हणजे रस्ता बंद. उणे १ आला तर निर्देशांक काढताच आला नाही असं समजा. सरासरी काढण्याआधी अशा नोंदी वगळा.

काही नोंदींत एसएसएस असतो, म्हणजे तुकड्याचेही तुकडे, प्रत्येकाची लांबी आणि वेग वेगळा. इथे वेगांची साधी सरासरी काढू नका. समजा १ किलोमीटर ताशी ६० ने आणि पुढचा १ किलोमीटर ताशी १० ने पार होतो. साधी सरासरी ३५ येते. प्रत्यक्षात १ आणि ६ अशी ७ मिनिटं लागतात, म्हणजे वेग सुमारे १७. आधी प्रत्येक भागाचा वेळ काढा, मग बेरीज करा.

सातव्या आवृत्तीत नावं पूर्ण लिहिलेली आहेत, पण वेग मीटर प्रति सेकंदात येतो. ताशी किलोमीटर हवे असतील तर ३.६ ने गुणा.