‘चालू कंडिशन’चा कॅमेरा

फोटोग्राफीच्या क्लासच्या पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली: रोलचा एसएलआर (लेन्समधून दिसतं तेच डोळ्याला दाखवणारा कॅमेरा), पूर्ण मॅन्युअल, ५० मिमी लेन्स, चालू. मुदत पंधरा दिवस. आम्ही अकरा जण होतो आणि अकराही जणांनी त्याच रात्री मोबाइल उघडला असणार.

जुन्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीत ‘चालू कंडिशन’ हे दोन शब्द हमखास असतात. आमच्या कोल्हापुरात ‘लई चालू हाय’ म्हणतात ते माणसाबद्दल, आणि ते काही कौतुक नसतं. जाहिरातीतही तोच अर्थ धरावा, हे मला साडेचार हजार गेल्यावर कळलं. चंदेरी बॉडी, काळं रेक्झिन, फोटोत तर दागिनाच. कुरिअरने आला, तीन दिवस खटाखट शटर मारलं, चौथ्या दिवशी बटण दाबलं तर काहीच नाही. नवी बॅटरी घातली, तरी नाही. गंगावेशीत एक जुने स्टुडिओवाले काका आहेत. आता त्यांच्याकडे पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सच जास्त चालतं. त्यांच्याकडे नेला. त्यांनी खालची पट्टी उघडून बघितली आणि परत माझ्या हातात दिला. “सर्किट गेलंय पोरी. पार्ट मिळत न्हाई. कागदं उडू नयेत म्हणून ठेव टेबलावर.”

तो अजून टेबलावरच आहे.

म्हणून क्लासला नवीन आलेल्यांना मी आधी एवढंच विचारायला सांगते: बॅटरी काढली तर शटर पडतं का? पुष्कळ कॅमेऱ्यांत शटरचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं. सर्किट गेलं की कॅमेरा मुका, आणि तसं सर्किट आता कोणी बनवत नाही. यांत्रिक शटरमध्ये हेच काम स्प्रिंगा आणि दातेरी चाकं करतात. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. मीटर बंद पडलं तर फोनवर मीटरचं अ‍ॅप आहे. फोनही नसेल तर भर उन्हाचा जुना ठोकताळा आहेच: लेन्सचं भोक (अ‍ॅपर्चर) एफ १६ वर ठेवायचं आणि वेग रोलच्या आयएसओ आकड्याच्या जवळचा, म्हणजे ४०० च्या रोलला १/५००. क्लासमध्ये शिकायचंच हे असतं, त्यामुळे मीटर मेलेला कॅमेरा मी वाईट मानत नाही. भाव पाडायला तर तो फारच उपयोगी.

आता नावं. पेंटॅक्स के १००० हा विद्यार्थ्यांचा कॅमेरा म्हणूनच ओळखला जातो. १९७६ पासून १९९७ पर्यंत तो निघत होता, त्यामुळे बाजारात भरपूर आहेत. एक सेकंद ते १/१००० असे वेग, बाकी काहीही नाही, आणि हे ‘काहीही नाही’च आपल्या कामाचं. याच्या मीटरला बंद करायचं बटण नसतं. लेन्सवर टोपी लावली की अंधार होतो आणि बॅटरी वाचते. निकॉन एफएम १० १९९५ चा, कोसिना या दुसऱ्या जपानी कंपनीने बनवलेला. हातात प्लास्टिक लागतं म्हणून लोक नाकं मुरडतात, पण शटर यांत्रिक आहे. आणखी एक फायदा म्हणजे घरात कोणाकडे निकॉनच्या जुन्या मॅन्युअल लेन्स असतील तर बहुतेक त्यावर बसतात. याशिका एफएक्स-३ सुद्धा कोसिनाचाच. त्याचं रेक्झिन सोलून निघालेलं असतं. त्याकडे दुर्लक्ष करा, ते कोणत्याही बॅगवाल्याकडून चिकटवून मिळतं आणि त्या सोललेल्या कातडीपायी किंमत उतरते. 

आणि झेनिट. रशियन, वजनाला वरवंटा. झेनिट-ई मला मनापासून आवडतो, त्याची ५८ मिमीची हेलिओस लेन्स तर फार गोड चित्र देते. पण त्यावर १/३० च्या खालचा वेगच नाही, नुसता ‘बी’ आहे, म्हणजे बटण दाबून धराल तेवढा वेळ शटर उघडं. भोक हाताने बारीक करावं लागतं आणि ते केलं की व्ह्यूफाइंडर अंधारतो. आमच्या वर्गातल्या एकाने घेतला, पहिला महिना सगळ्यांच्या मागे राहिला. दुसरा कॅमेरा म्हणून घ्यावा, पहिला म्हणून नको.

घरातल्या कपाटात काय आहे तेही बघून घ्या, पण फार आशा ठेवू नका. आमच्या मामाकडे याशिका एमएफ-२ निघाला, मैत्रिणीच्या आजोबांकडे आग्फा क्लिक थ्री. अख्ख्या खानदानाची लग्नं-मुंज्या त्यांनी काढल्या असतील, पण एमएफ-२ चा फोकस ठरलेला असतो आणि क्लिक थ्रीला १२० चा रुंद रोल लागतो. आपल्याला भोक, वेग, फोकस तिन्ही स्वतःच्या हाताने फिरवायचं आहे.

दुसऱ्या वेळी मी एकटी गेले नाही, काकांना घेऊन गेले. शाहूपुरीत एका घरी के १००० होता, वडिलांचा, मुलाला विकायचा होता. काकांनी भावाचं नावच काढलं नाही. आधी चहा घेतला, मग लेन्स काढून मांडीवरच्या रुमालावर ठेवली, मागचं दार उघडलं आणि वेग एक सेकंदावर नेला. खटका, मग बारीक किर्रर्र आवाज, मग दुसरा खटका. “हे किर्रर्र ऐकू आलं पायजे. मधेच अडखळलं तर आत वंगण वाळलंय समज.” मग अर्धा सेकंद, पाव, असं एकेक पायरी. प्रत्येक वेगाला तीन-तीनदा. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या कॅमेऱ्याचे आधी हे सावकाश वेग बिघडतात आणि विकणारा नेमका वरच्या वेगाला शटर मारून दाखवतो. 

मी माझ्या परीने फोनचा स्लो मोशन लावला. सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा फोन असेल तर उघडं शटर १/३० ला साधारण आठ फ्रेममध्ये दिसतं, १/६० ला चार. त्यापुढचं असं मोजता येत नाही, पण पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून १/१००० ला शटर मारलं आणि चौकटीची एक बाजू काळीच राहिली, तर पडदे बरोबर धावत नाहीत एवढं नक्की कळतं. के १००० च्या शटरचा पडदा कापडी असतो. सुरकुत्या, भोकं डोळ्यांनी बघायची, बोट लावायचं नाही. 

मग लेन्स. भोक पूर्ण उघडं ठेवून मागून टॉर्च मारायची आणि पुढून तिरकं बघायचं. समोरासमोर बघितलं तर सगळ्याच लेन्स स्वच्छ दिसतात. थोडी धूळ असली तर चालते, ती फोटोत येत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर तो फंगस. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवली की हे ठरलेलंच. फंगस पुसता येतो, पण त्याने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो डाग कायमचा. आतल्या पात्यांवर तेल चमकतंय का तेही बघायचं. तेलकट पाती आळसावतात आणि फोटो जास्त उजेडाचा येतो.

मागच्या दाराच्या खाचेत फोमच्या पट्ट्या असतात. या कॅमेऱ्यातल्या पट्ट्यांची काकवी झाली होती, अक्षरशः. बोटाला काळी, चिकट. मी घाबरले, काका खूश झाले. “हेचं पाचशे कमी करायचं.” फोम कुजणं ही वयाची गोष्ट आहे. नंतर मी ती घाण टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढली, खाचेत काळी लोकर बसवली आणि बिजागरीच्या बाजूला शिंप्याकडून आणलेली मखमलीची पट्टी. दोन संध्याकाळी गेल्या, खर्च चहापाण्याइतका.

शाहूपुरी म्हटल्यावर मी एक विचारलंच: पुरात होता का? २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं हे आपल्याला सांगायला नको. पाण्यात गेलेला कॅमेरा वरून पुसून छान दिसतो. स्क्रूच्या खाचेत गंज किंवा मातीची रेघ, बॅटरीच्या खणात हिरवट-पांढरी पूड, आणि दार उघडल्यावर तळघराचा वास, यातलं काहीही असेल तर चहाचे आभार मानून निघायचं. हा कॅमेरा वरच्या मजल्यावर होता. बॅटरीचं झाकण मात्र हरवलेलं. 

शेवटी सौदा साडेसहा हजारांत झाला. झाकण नाही म्हणून आठशे कमी, फोमचे पाचशे. झाकण मी उद्यमनगरात करून घेतलं. पंपाचे सुटे भाग करणाऱ्या लेथवाल्या दादांनी आटे मोजायची पट्टी लावली, डोळे बारीक केले आणि पितळेचा एक तुकडा फिरवून अर्ध्या तासात झाकण हातावर ठेवलं, वर नाण्याने फिरवायची खाचसुद्धा. याच गावात १९१८ साली बाबुराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा बनवला होता. खरी कॉर्नरच्या मानस्तंभावरच्या कॅमेऱ्याखालून मी रोज जाते, पण ती गोष्ट खरी वाटली ती त्या लेथसमोर.

पैशांचं थोडं. पहिला कॅमेरा फसल्यावर माझ्याकडे दहा हजार होते आणि मी ते सगळे बॉडीवर घालायला निघाले होते. तसं करू नका. ३६ फोटोंचा ब्लॅक अँड व्हाइट रोल मला हजाराच्या आसपास पडतो, म्हणजे एक क्लिक एका कट वड्याला. सहा महिन्यांच्या क्लासला निदान आठ-दहा रोल लागतात. भारी कॅमेरा आणि दोन रोल असलेला मुलगा आमच्यात सगळ्यात कमी शिकला, बिचारा जपून जपून शटर दाबायचा. रोल वर्गातल्यांनी मिळून मागवले तर कुरिअरचा खर्च वाटून जातो. कोणी मुदत संपलेले रोल स्वस्तात देतो म्हणाला तर ते मजेसाठी ठेवा. काकांनी मला ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा एक जुना ‘इंदू’ रोल प्रेमाने दिला आहे. तो मी वापरणार नाही, तो शोकेसमध्ये आहे. परीक्षेच्या रोलवर डाग आला तर दोष कॅमेऱ्याचा की रोलचा, हे कळलं पाहिजे.

परीक्षेचा रोल म्हणजे क्लासला जायच्या आधी घालायचा तो पहिला रोल. सकाळी दहाच्या उन्हात रंकाळ्यावर एका पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहिले आणि एकच फोटो वेगवेगळ्या जोड्यांनी काढला: एफ ११ ला १/१०००, एफ १६ ला १/५००, एफ २२ ला १/२५०. तिन्हींत उजेड सारखाच पोचतो, म्हणून निगेटिव्हही सारख्या गडद यायला हव्यात. एखादी वेगळी आली तर तो वेग खोटा बोलतोय. प्रत्येक फोटो वहीत लिहायचा, नाहीतर रोल धुतल्यावर सगळ्या भिंती एकसारख्याच.

यात माझी एक फजिती झाली. रोल घातला, दार लावलं, आकडा ३६ वर गेला, तरी लिव्हर पुढे जातच होता. तेव्हाच शंका यायला हवी होती. फिल्मचं टोक आतल्या दांडीत अडकलंच नव्हतं, सगळा वेळ मी रिकामा कॅमेरा ओढत होते. रोल घातल्यावर डाव्या हाताची रिवाइंडची कळ हलकेच फिरवून फिल्म ताणून घ्यायची. मग लिव्हर ओढताना ती कळ आपोआप उलटी फिरली पाहिजे. नाही फिरली तर फिल्म जागची हललेली नाही. सरांना सांगितलं तर म्हणाले, “अगं, रोल वाचला की तुझा. परत घाल.”

परत घातला. क्लासच्या डार्करूममध्ये डी-७६ या डेव्हलपरमध्ये एकास एक पाणी घालून २० अंशाला अकरा मिनिटं धुतला. एचपी ५ होता, म्हणजे ४०० चा ब्लॅक अँड व्हाइट रोल. भिंती सारख्या आल्या, फक्त १/१००० ची किंचित फिकी. म्हणजे तो वेग जरा जास्तच पळतो. मी तो आता टाळते, दुरुस्त करायला पैसे घातलेले नाहीत. दहाव्या फोटोच्या कडेला मात्र धुरासारखा पट्टा होता, बिजागरीच्या बाजूला. घरी येऊन मखमल उचकटली आणि थोडी जाड लावली.

राहता राहिलं ठेवायचं कुठे. चामड्याची मूळ केस दिसायला सुंदर असते. तिच्यात कॅमेरा ठेवू नका, ती ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि नारंगी सिलिका जेल पुरतं. ते हिरवं पडलं की ओल भरली असं समजायचं आणि गरम करून सुकवायचं. जुलैमध्ये हे दर आठ-दहा दिवसांनी करावं लागतं. आई भाकरीचा तवा देत नाही, आणि बरोबरच आहे, ते रसायन आहे. मी लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारातून एक चेपलेला तवा आणलाय, त्यावर तेल रंगाने मोठ्ठं ‘कॅमेरा’ लिहून ठेवलंय.