‘इश्यू’ला दर वेळी ‘समस्या’ म्हणू नका

तुर्भ्याच्या एखाद्या कारखान्यात सकाळच्या पाळीला कुणी विचारलं, ‘मटेरियल इश्यू झालं का?’, तर अर्थ साधा आहे: स्टोअरमधून माल मिळाला का? त्याच कारखान्यात दुपारी ‘मटेरियलचा इश्यू झालाय’ असं कानावर आलं, की मालात काहीतरी घोळ आहे. मधे एक ‘चा’ आला आणि अर्थ फिरला. मराठीत लिहिताना मात्र दोन्हीकडे ‘समस्या’ ठोकून दिली जाते.

मूळ धरलं की गोंधळ कमी होतो. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याची मुळं लॅटिनमधल्या ‘बाहेर जाणे’ या क्रियापदात आहेत. ‘एक्झिट’ त्याच घरातला. त्यामुळे वाक्य समोर आलं, की आधी विचारायचं: इथे काय बाहेर पडतंय, आणि कुठून? चिमणीतून धूर, कचेरीतून दाखला, छापखान्यातून अंक, दोन पक्षांच्या भांडणातून मुद्दा. शासन निर्णय ‘निर्गमित’ होतो किंवा शाळेतून ‘प्रवेश निर्गम उतारा’ काढतो, तेव्हा संस्कृतचा ‘निर्गम’ हेच काम करत असतो. म्हणून सरकारी मराठीत ‘निर्गमित’ नेमका बसतो. बाकी ठिकाणी तो जड होतो. तिथे ‘दाखला दिला’, ‘परिपत्रक काढलं’ एवढं पुरे.

क्रियापद असेल तर पुढचं नाम बघा. परवाना देतात, आदेश काढतात, ग्रंथालयात पुस्तक वाचायला देतात. खरी चूक होते नोटिशीत. ‘इश्यू’ म्हणजे नोटीस काढणे. बजावणे म्हणजे ती समोरच्याच्या हाती पोचवणे, त्यासाठी इंग्रजीत ‘सर्व्ह’ आहे. ३ जूनला काढलेली नोटीस ९ जूनला बजावली गेली असेल आणि अनुवादात ‘३ जूनला बजावली’ असं आलं, तर सहा दिवस गडप. चेक न वटल्याच्या नोटिशीत (१८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८) पैसे भरायचे १५ दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजतात, तेव्हा हे सहा दिवस महागात पडू शकतात.

फॉर्ममध्ये ‘डेट ऑफ इश्यू’ म्हणजे कागद दिल्याची तारीख, अर्जाची नव्हे. ‘प्लेस ऑफ इश्यू’पुढे पासपोर्टवर जे छापलंय तेच लिहायचं. ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात अर्ज दिला म्हणून मनानेच ‘ठाणे’ लिहू नये.

आता सगळ्यांत नाजूक अर्थ: अपत्य. आपल्याकडची जुनी मंडळी अजूनही ‘त्यांना इश्यू नाही’ म्हणतात. ‘त्यांना काही इश्यू नाही’ म्हणजे मात्र हरकत नाही. लग्नाच्या बोलणीत हा ‘काही’ गाळू नका! वारसाच्या कागदात ‘डाइड विदाउट इश्यू’ असतं, त्याचा ‘कोणत्याही समस्येविना निधन’ असा अनुवाद यंत्रं बिनदिक्कत करून देऊ शकतात. बरोबर शब्द ‘निःसंतान’ किंवा ‘अपत्य नसताना’. ‘निपुत्रिक’ टाळा, कारण मुलगा नाही पण मुलगी आहे असाही त्याचा अर्थ लागतो, आणि मुलगी वारस असते. ‘बेवारस’ तर साफ चूक: मूल नसलं तरी पत्नी, आई, भाऊ असू शकतात. या अर्थाने शब्द एकवचनीच राहतो, मुलं कितीही असोत.

कोर्टातला ‘इश्यू’ वेगळाच. एका पक्षाने महत्त्वाची गोष्ट मांडली आणि दुसऱ्याने ती नाकारली, की मुद्दा उभा राहतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १४ हेच सांगतो. तिथे ‘वादमुद्दा’ लिहा, ‘अडचण’ नको.

छापील गोष्टींत अंक आणि आवृत्ती यांची सरमिसळ होते. वर्तमानपत्राची ठाणे आवृत्ती म्हणजे एडिशन; आजचा अंक म्हणजे इश्यू. ‘बॅक इश्यू’ जुना अंक, पण डॉक्टरच्या चिठ्ठीत ‘बॅक इश्यूज’ दिसलं तर पाठीचं दुखणं. शेअर बाजारात ‘राइट्स इश्यू’ म्हणजे हक्कभाग विक्री आणि ‘बोनस इश्यू’ म्हणजे बक्षीस समभाग. ‘हक्कांचा प्रश्न’ लिहिलंत तर गुंतवणूकदार मोर्चा शोधत बसेल.

राहिला ऑफिसातला इश्यू. ‘प्रॉब्लेम’ म्हटलं की कुणाचीतरी चूक वाटते, म्हणून मऊ शब्द म्हणून ‘इश्यू’ वापरतात. मराठीत इथे नाम शोधूच नका, काय बिघडलंय ते क्रियापदाने सांगा. ‘लॉगिनमध्ये समस्या येत आहे’पेक्षा ‘पासवर्ड टाकल्यावर पान पांढरंच राहतं’ हे वाचून महाप्याच्या सपोर्टवाल्याला लगेच काम सुरू करता येतं. ‘आय हॅव अॅन इश्यू विथ धिस’ म्हणजे ‘मला हे पटत नाही’. ‘टेक इश्यू’ म्हणजे मतभेद मांडणे. आणि ‘डोन्ट मेक अॅन इश्यू’ला आपल्याकडे कधीचा शब्द तयार आहे: बाऊ करू नको.