फॉरवर्ड आणि रिव्हर्स जुळत नाहीत तेव्हा

रक्तगट तपासताना फॉरवर्ड ग्रुपिंग (पेशींवरच्या अँटिजेनची चाचणी) ‘ओ’ सांगतंय आणि रिव्हर्स (सीरममधल्या अँटीबॉडींची चाचणी) त्याला दुजोरा देत नाही, म्हणून लगेच डीएनए काढायला घेऊ नका. आधी वय, निदान, गेल्या ३ महिन्यांत रुग्णाला चढवलेलं रक्त आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण विचारून घ्या. ल्युकेमियात ए अँटिजेन क्षीण होऊ शकतं, तान्ह्या बाळाच्या रिव्हर्सवर तर भरवसाच नाही.

पेशी सलाइनने ३ वेळा धुऊन ३ ते ५ टक्के सस्पेन्शन करा. नेहमीच्या अँटीसेराबरोबर (माहीत असलेल्या अँटीबॉडींची द्रावणं) अँटी-ए,बी आणि अँटी-एच लेक्टिन (एच अँटिजेन ओळखणारं वनस्पतीतलं प्रथिन) लावा. रिव्हर्समध्ये ए१ आणि बी सेलसोबत ओ सेल आणि ऑटोकंट्रोल (रुग्णाच्याच पेशी आणि त्याचंच सीरम) हवेतच. ओ सेल वगळल्या की बॉम्बे गट (ज्यात ए आणि बी चा पाया असलेलं एच अँटिजेनच नसतं) ‘ओ’ म्हणून सुटतो, आणि त्या रुग्णाला ओ रक्त गेलं तर हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) जिवावर बेततो. १९५२ साली मुंबईत भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या या गटाची खूण दुहेरी आहे: सीरम ओ सेलच्या घट्ट गुठळ्या करतो आणि अँटी-एच निगेटिव्ह येतं. नुसत्या ओ सेल चिकटल्या, तर थंडीत चालणारी दुसरी अँटीबॉडीही असू शकते.

अँटी-एच जोरदार, पण सीरममध्ये अँटी-ए नाही किंवा अगदी क्षीण? मग कमकुवत ए (पेशींवर ए अँटिजेन फार कमी असलेला ए गट) शोधा. ए३ हा कमकुवत उपगट असेल तर ट्यूब हलवताना मोकळ्या पेशींच्या लालसर गढूळ पाण्यात बारीक गुठळ्या तरंगतात. (ओ रक्त मिळालेला ए रुग्णही असाच दिसतो.) काहीच दिसलं नाही तर अ‍ॅडसॉर्प्शन-इल्यूशन (पेशींना अँटी-ए चिकटवून ती पुन्हा सोडवून तपासणं) करा: धुतलेल्या १ मिली पॅक्ड सेल, १ मिली अँटी-ए, ४ अंशांवर १ तास. मग थंड सलाइनने किमान ८ वेळा धुवा आणि ५६ अंशांवर १० मिनिटं इल्यूट करा. शेवटचं धुवण इल्यूएटशेजारी (सोडवलेल्या अँटी-ए च्या द्रवाशेजारी) तपासा; तेही पॉझिटिव्ह आलं तर धुणं अपुरं, निकाल बाद.

आता सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकातली अक्षरं वाचणं. एबीओ जनुकाच्या ७ एक्झॉनपैकी (प्रथिनाचा संकेत असलेले तुकडे) ६ आणि ७ आधी वाचा. ए२ या उपगटात १०६१ व्या जागेजवळचं एक सी हे अक्षर गळतं आणि एन्झाइमला २१ अमिनो आम्लांचं शेपूट येतं. दोन्ही एक्झॉन स्वच्छ निघाले तरी ‘दोष नाही’ असं लिहू नका. स्प्लाइस साइट (एक्झॉन जोडण्याच्या जागा) आणि पहिल्या इंट्रॉनमधला (एक्झॉनांमधल्या भागातला) एन्हान्सर, म्हणजे जनुकाचं काम वाढवणारा तुकडा, राहिलेला असतो.

बॉम्बेसाठी १९व्या गुणसूत्रावरचं एफयूटी१ (लाल पेशींवर एच बनवणारं जनुक) वाचा. भारतीय बॉम्बेत सहसा दोन्ही प्रतींत ७२५व्या जागी टी ऐवजी जी असतो आणि एफयूटी२ (लाळेसारख्या स्रावांत एच बनवणारं जनुक) मुळातच गळलेलं असतं. म्हणून एफयूटी२ ची पट्टी उमटली नाही की पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची चाचणी) फसला असं धरू नका. त्याच ट्यूबमधल्या दुसऱ्या जनुकाची कंट्रोल पट्टी उमटली आहे का, ते पाहा.