आरसा होईपर्यंत नळी कापू नका

परावर्ती दुर्बीण, म्हणजे भिंगाऐवजी आरशानं प्रकाश गोळा करणारी दुर्बीण, स्वतः करायची म्हटलं की अनेकांचा हात आधी नळीकडे जातो. नळीचं माप मात्र आरशावरून ठरतं, आणि हातानं घासलेल्या आरशाचं नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश एकत्र येतो त्या बिंदूपर्यंतचं अंतर) कागदावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. म्हणून तयारी आरशापासूनच सुरू करावी.

पहिल्या दुर्बिणीसाठी १५० मिमी व्यास आणि १२०० मिमी नाभीय अंतर ठरवून टाका, म्हणजे एफ ८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट). या मापाला गोलीय आरसा आणि हवा तो परवलयी (पॅराबोलिक) आरसा यांच्या पृष्ठभागांत जेमतेम ७० नॅनोमीटरचा फरक उरतो. आकार देताना थोडं कमीजास्त झालं तरी शनीची कडी दिसतात. आटोपशीर नळीच्या मोहानं तोच व्यास एफ ५ ला नेलात, तर हा फरक चौपट होतो. नवख्यानं त्या वाटेला जाऊच नये. तयार आरसा घेण्यातही कमीपणा नाही. घेणार असाल तर पुढचे तीन परिच्छेद सोडा.

घासायचं ठरलं तर सारख्या व्यासाच्या दोन जाड काचेच्या तबकड्या लागतील. एकीचा आरसा होतो, दुसरी त्याखाली घासायला. ८०, १२०, २२०, ३२०, ४०० अशा नंबरांची, बारीक होत जाणारी कार्बोरंडम (काच घासायची कठीण) पावडर, त्यानंतर ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि पॉलिशसाठी पिच (डांबरासारखा चिकट पदार्थ) व सेरियम ऑक्साइडची पावडर. सभोवार फिरता येईल असं जड, न हलणारं टेबल. काचेच्या धारदार कडा घासून बोथट करायला धारेचा दगड हवाच, नाहीतर काठाचे टवके उडतात. आरशाचा खोलगटपणा मोजायलाही काहीतरी लागेल: आरशावर सरळ पट्टी आडवी ठेवली की मध्यभागी साधारण १.२ मिमी फट हवी. १.२ मिमीचं ड्रिल बिट त्याखालून जेमतेम सरकलं की हवा तेवढा खोलगटपणा आला.

सगळ्यात जास्त लक्ष स्वच्छतेकडे द्या. ८० नंबरचा एक कण पॉलिशच्या वेळी सापडला, की आठवड्यांच्या कामावर ओरखडा. दर नंबरला पावडरीचा डबा वेगळा, टेबलावरचे वर्तमानपत्र नवे, कपडे बदललेले, नखं घासलेली. घासणं नेहमी ओलंच. काचेची सुकी पूड श्वासात जाऊ द्यायची नाही. उरलेला गाळ बादलीत जमवा, मोरीत ओतलात तर पाइप तुंबेल. पिच मंद आचेवरच वितळवा, ते पेट घेतं.

तपासणीची जागा आधीच हेरून ठेवा. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिऑन फूको यांनी १८५८ मध्ये मांडलेली, आरशाचा आकार तपासणारी सुरीच्या धारेची चाचणी आजही घरी करता येते: एक एलईडी, एक बारीक फट, एक ब्लेड. फक्त आरशापासून २.४ मीटर, म्हणजे नाभीय अंतराच्या दुप्पट, अंतरावर हे सगळं स्थिर बसायला हवं आणि मधली हवा शांत हवी. पंखा बंद. पॉलिशच्या हाताळणीनं तापलेला आरसा निवू द्या, गरम असताना मिळालेलं उत्तर खोटं असतं. चाचणीसाठी आरशावर चकचकीत लेपाची गरज नाही, उघडी काचही सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवते. ॲल्युमिनियमचा लेप निर्वात यंत्रात चढवतात, तो कोण करून देतं याची चौकशी मात्र घासणं सुरू करण्याआधीच करावी.

आता खरं नाभीय अंतर मोजा आणि मगच नळी कापा. आतून काळा मॅट रंग. आरसा तीन टेकूंवर सैल बसवा; आवळलात तर काच वाकते आणि तारे तिकोनी दिसतात. प्रकाश नळीच्या बाजूला वळवणारा तिरका सपाट आरसा सुमारे ३२ मिमीचा, नेत्रिका धरून पुढेमागे सरकवणारा सव्वा इंची फोकसर, आणि २५ व १० मिमीच्या नेत्रिका (डोळ्याजवळची भिंगं), म्हणजे ४८ आणि १२० पट मोठं दिसतं. स्टँडसाठी अमेरिकी हौशी खगोल अभ्यासक जॉन डॉब्सन यांची पद्धत घ्या: प्लायवूडची पेटी, सरकायला टेफ्लॉन आणि लॅमिनेट. आरशाच्या बरोबर मध्यावर एक छोटी खूण करा, नाहीतर दोन आरसे एका रेषेत आणणं अंदाजपंचे होईल.

नळीच्या तोंडाला आणि शोधक दुर्बिणीलाही (नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) घट्ट झाकण हवं. दिवसा दुर्बीण बाहेर असेल तर दोन्ही झाकणं लावलेलीच ठेवा, कारण शोधकातून सूर्य दिसला तरी डोळा जातो.