पॅराडाइज लॉस्टचे 17 अल्बम क्रमाला कसे लावायचे

कागदावर 1 ते 17 आकडे घालून सरळ सुरुवात केली, तर वरचे तीन आणि तळाचे दोन अल्बम पाच मिनिटांत लागतात आणि मधल्या बारांची खिचडी होते. 1988 मध्ये इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सला सुरू झालेल्या या मेटल बँडने इतक्या वेळा कात टाकली आहे की एकाच मापाने सगळं मोजताच येत नाही. ‘होस्ट’ या त्यांच्या अल्बममध्ये गुरगुरणारा आवाज नाही म्हणून त्याचे गुण कापणं म्हणजे मामलेदारची मिसळ गोड नाही म्हणून तिला नापास करणं.

म्हणून आधी कात टाकण्याच्या टप्प्यांप्रमाणे ढीग करा. पहिल्या ढिगात ‘लॉस्ट पॅराडाइज’ (1990), ‘गॉथिक’ (1991) आणि ‘शेड्स ऑफ गॉड’ (1992). दुसऱ्यात फक्त दोन, ‘आयकन’ (1993) आणि ‘ड्रॅकोनियन टाइम्स’ (1995). तिसऱ्यात ‘वन सेकंड’ (1997), ‘होस्ट’ (1999), ‘बिलीव्ह इन नथिंग’ (2001) आणि ‘सिम्बल ऑफ लाइफ’ (2002). चौथ्यात 2005 चा बँडच्याच नावाचा अल्बम, ‘इन रेक्विएम’ (2007), ‘फेथ डिव्हाइड्स अस – डेथ युनाइट्स अस’ (2009) आणि ‘ट्रॅजिक आयडल’ (2012). इथे गिटार पुन्हा जड झाली, पण गाणं अजून मोकळ्या गळ्याने. 2015 च्या ‘द प्लेग विदिन’मध्ये गायक निक होम्सचा गुरगुरता आवाज परतला, तिथून ‘मेड्युसा’ (2017), ‘ऑब्सिडियन’ (2020) आणि ‘असेन्शन’ (2025) धरून पाचवा ढीग. आधी प्रत्येक ढिगाच्या आतला क्रम लावा. हे काम सोपं असतं, कारण सारखीच चीज सारख्याशी ताडली जाते.

ऐकण्याआधी आवृत्ती ठरवा. ‘शेड्स ऑफ गॉड’च्या काही आवृत्त्यांत शेवटी ‘अ‍ॅज आय डाय’ जोडलेलं आहे. ते मुळात वेगळ्या ईपीचं (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डचं) गाणं, आणि इतकं जबरदस्त की अख्ख्या अल्बमला दोन पायऱ्या वर ओढतं. मोजणीत ते घेऊ नका. उलट फसगतही होते: ‘शेड्स ऑफ गॉड’ नावाचं गाणं त्या अल्बमवर नाही, ते ‘ड्रॅकोनियन टाइम्स’वर आहे. ‘बिलीव्ह इन नथिंग’चं 2018 मध्ये नव्याने मिक्सिंग झालं, त्यामुळे जुनी सीडी ऐकणारा आणि फोनवर नवी आवृत्ती ऐकणारा यांचे गुण जुळत नाहीत. वाद घालण्याआधी कोण काय ऐकतंय ते विचारा.

मग ऐकण्याची फेरी. बहुतेक अल्बम 40 ते 55 मिनिटांचे आहेत, आणि ठाणे–पनवेल लोकल तासाच्या आत पोचते. जाताना एक, येताना एक धरला तर नऊ कामाच्या दिवसांत सगळे सतरा एकदा होतात. पण ट्रेनमधल्या ऐकण्यावर गुण देऊ नका. डब्याची घरघर नेमकी खालच्या पट्टीत असते आणि ती बास, बेस ड्रम आणि संथ सुरांच्या लांबत जाणाऱ्या शेपट्या गिळते. ‘वन सेकंड’चा पियानो ऐरोली–रबाळेच्या गोंगाटातही तरतो, ‘मेड्युसा’ किंवा ‘प्लेग विदिन’मधलं रांगत जाणारं ‘बेनीथ ब्रोकन अर्थ’ तुर्भ्यापर्यंत निव्वळ चिखल वाटतं. आवाज वाढवून हे सुटत नाही, कान तेवढे दुखतात. ट्रेनची फेरी ओळख ताजी करायला, निकालाची फेरी घरी, रात्री अकरानंतर, खिडक्या लावून. घोडबंदर रोडच्या बाजूची खोली असेल तर मागची निवडा. गणपतीचे दहा दिवस तर सोडूनच द्या.

अ‍ॅपमधली आवाजाची पातळी सारखी करणारी सेटिंग चालू ठेवा. नव्वदीतल्या सीडी हळू आवाजात कापलेल्या असत, 2005 नंतरच्या बऱ्याच अल्बमांचा आवाज कमालीचा चढवलेला आहे, आणि मोठ्याने वाजतं ते कानाला उगाच सरस वाटतं. ‘गॉथिक’ या एका कारणाने नाहक हरतो.

आणखी एक बिघाड हवामानाचा. जुलैत येऊरच्या डोंगरावर ढग उतरलेले असताना कुठलाही संथ अल्बम थोर वाटतो. पावसात दिलेले गुण एकदा कोरड्या, उकडत्या दुपारी तपासून घ्या. घसरले तर दुपारचे धरा.

गुण देताना तीनच गोष्टी पाहा. पहिली, पुढे न ढकलता पुन्हा ऐकावीत अशी किती गाणी आहेत. ही टक्केवारीत मोजायची, कारण ‘आयकन’वर 13 ट्रॅक आहेत आणि ‘मेड्युसा’वर 8. दुसरी, ग्रेगर मॅकिन्टॉशची गिटार: आरन एडीच्या जड ताल-गिटारवर तिची रडवी धून तरंगते, आणि हीच या बँडची खरी सही. अल्बम संपल्यावर किती धुना गुणगुणता येतात ते मोजा. ‘होस्ट’ला ही फूटपट्टी लागत नाही, तिथे कीबोर्डची धून मोजा. तिसरी, शेवटची तीन गाणी. मधल्या काळातले अल्बम इथेच धापा टाकतात.

आता ढीग एकत्र करायचे. सगळ्या जोड्या ताडायच्या तर 136 होतात, कोणी करत नाही. रमीत पान लावतो तसं करा: लागलेल्या पानांच्या मधल्याशी नवं पान ताडायचं, वरचढ असेल तर वरच्या अर्ध्यातल्या मधल्याशी, नाहीतर खालच्या. अशा जास्तीत जास्त 54 तुलनांत काम होतं, आणि ढिगांचा क्रम आधीच लागलेला असल्याने प्रत्यक्षात बऱ्याच कमी. ‘अ’ने ‘ब’ला हरवलं, ‘ब’ने ‘क’ला, आणि ‘क’ने ‘अ’ला, असं चक्र झालं तर बहुधा एका तुलनेत तुम्ही आवाज ताडला आणि दुसरीत गिटार. तिन्ही अल्बमांची फक्त टक्केवारी बघून गाठ सोडवा.

या रीतीने आमचा क्रम असा लागला: ‘आयकन’ पहिला, ‘ड्रॅकोनियन टाइम्स’ अगदी निसटता दुसरा. दुसऱ्याची गाणी जास्त सुबक आहेत; पण ‘एम्बर्स फायर’पासून पुढे ‘आयकन’ची पकड सुटत नाही. तिसरा ‘प्लेग विदिन’, चौथा ‘गॉथिक’. ज्या अल्बमावरून गॉथिक मेटल या संगीतप्रकाराला नाव मिळालं त्याला पहिला नंबर द्यावा असं म्हणणारे पुष्कळ आहेत, पण इतिहासाला गुण नाहीत. बाईचा आवाज आणि वाद्यवृंद 1991 मध्ये गुरगुरत्या डेथ मेटलमध्ये घालणं धाडसाचं होतं. ध्वनिमुद्रण मात्र पातळच. पाचवा ‘ऑब्सिडियन’, सहावा ‘वन सेकंड’, सातवा ‘ट्रॅजिक आयडल’. ‘होस्ट’ नववा, आणि यावर तडजोड नाही. तळाला ‘बिलीव्ह इन नथिंग’ आणि ‘लॉस्ट पॅराडाइज’. ‘असेन्शन’ सध्या आठवा, पेन्सिलीने.